"बांगडी खाल्ली आणि काका विहिरीत पडले": मुलाच्या गोव्याच्या आठवणीचा अर्थ कसा लावू?

पाऊसवेडी
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

नवऱ्याच्या बदलीमुळे महिन्याभरापूर्वी आम्ही पुण्याहून पर्वरीला राहायला आलो. चिरंजीव साडेपाच वर्षांचे आहेत. याआधी गोव्यात आम्ही एकदाच आलो होतो, तीन वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटाला. पावसाळ्यात खोल्या स्वस्त मिळतात म्हणून. शिवोलीत एका जुन्या घराची मागची खोली घेतली होती. घरमालकीण साठीच्या पुढची, एकटी, पुढच्या भागात राहायची. तेव्हा हा जेमतेम अडीच वर्षांचा. त्या सहलीबद्दल तो आजवर एक अक्षर बोललेला नाही, फोटो दाखवले तरी "हे कोण बाळ?" असं विचारायचा.

इथे आल्यापासून मात्र काहीतरी सुटलंय. सकाळी सोसायटीत कसलासा भोंगा वाजला की बाल्कनीत पळतो. आणि आता रोज रात्री झोपताना एकच गोष्ट, जवळपास त्याच शब्दांत:

"आजीने मला बांगडी खायला दिली. कडक होती. मग डोक्यावर झाड लावलेले काका विहिरीत पडले. सगळे हसले. मग घर पाण्यावरून गेलं. आजोबांनी मला घट्ट धरलं होतं."

यातलं काहीही आमच्या सहलीत घडलेलं नाही. बांगडी खायला कोण देईल? माणूस विहिरीत पडल्यावर लोक हसतील कशाला? आणि सगळ्यात अवघड म्हणजे आजोबा. माझे सासरे त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले होते, सहलीच्या चार महिने आधी. नवरा म्हणतो स्वप्न आहे, सोडून दे. मला सोडवत नाही. त्याने एखादा अपघात पाहिला आणि आम्हाला कळलंच नाही, असं तर नसेल?

डॉ_खवचट
बांगडी नव्हे हो, बांगडा! गोव्यात येऊन मूल दुसरं काय खाणार? एक काना चुकला. केस मिटली, धागा बंद करा.

टवळी
+१. रवा लावून तळला की कडकही होतो.

पाऊसवेडी
घरात मासे होत नाहीत. नवरा बाहेर खातो, पण मुलाला कधी दिलेले नाहीत. तरी मी विचारलं, "मासा होता का रे?" तर माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मलाच लाज वाटली. "नाही गं, बांगडी. हातातली."

माशेलकर_मामा
ताई, आधी घाबरणं थांबवा. विहिरीतले काका अगदी सुखरूप आहेत, फार तर थोडी चढली असेल.

तुम्ही जूनच्या शेवटाला होतात ना? २४ जूनला इथे सां जुआंव असतो, संत योहान बाप्तिस्ताचा सण. गावातली पोरं आणि बाप्येही डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घालतात, त्याला म्हणायचं 'कोपेल'. घुमट-कासाळें ही वाद्यं वाजवत घराघरांतून फिरायचं आणि वाटेत दिसेल त्या विहिरीत धबाधब उड्या मारायच्या. विहिरी पावसाने वर आलेल्या असतात. उडी मारताना "व्हिवा सां जुआंव!" असा पुकारा. ज्यांच्याकडे नवा जावई असेल त्याचं त्या दिवशी जास्तच कौतुक होतं, सासुरवाडीच्या विहिरीत त्याची उडी ठरलेली. उडी कशासाठी? येशूची आई मेरी ही एलिझाबेथ नावाच्या नातलग बाईला भेटायला गेली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातलं बाळ आनंदाने उसळलं, असं बायबलमध्ये आहे. ते बाळ म्हणजे योहान. त्या उसळीची ही उडी.

आम्ही माशेलच्या देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या पटांगणात चिखलकाला खेळणारे. आषाढात अंगभर चिखल फासून लोळणारी माणसं कुणी अडीच वर्षांच्या पोराला दाखवली, तर ते मोठेपणी काय सांगेल याचा विचार करा. "सगळे काका मातीचे झाले होते." तुमच्या मुलाने तर फार शिस्तीत सांगितलंय.

शिवोलेकार
मामांनी विहीर सोडवली, घर मी सोडवतो. आमच्या शिवोलीत सां जुआंवला होड्यांची मिरवणूक असते, सांगोड म्हणतात. होड्या एकमेकींना बांधतात, त्यांवर माडाच्या झावळ्या, फुलं, कागद लावून देखावे करतात, वर वाजप आणि नाच. लांबून बघणाऱ्या पोराला वाड्यातलं घर सुटून पाण्यातून चाललंय असंच वाटणार.

कट्ट्यावरचा_अण्णा
फेरीबोटही असू शकते. रायबंदरहून चोडणला जाताना आमचा नातू गाडीत बसून ओरडला होता, "आजोबा, गाडी थांबलीये पण झाडं चालली!"

शिवोलेकार
अण्णा, शिवोलीत आता फेरी कुठली? तिथे पूल होऊन किती वर्षं झाली. सांगोडच.

नाकासमोर
सण वगैरे ठीक आहे. पण मुद्दा कुणीच बोलत नाहीये. अडीच वर्षांचं मूल, पावसाळ्यात, भरलेल्या विहिरीपाशी, आणि आईवडिलांना पत्ता नाही? तुम्ही होतात कुठे? एका अनोळखी बाईच्या हवाली मूल? हल्लीच्या पालकांची कमाल आहे.

टवळी
आला. मी म्हणतच होते अजून कसा नाही आला.

पाऊसवेडी
नाकासमोर, तुमचं बोलणं लागलं, पण उत्तर देते. त्या सहलीत दोन दिवस मी तापाने फणफणले होते, खोलीतून उठलेही नाही. नवऱ्याच्या ऑफिसचं काम निघालं, तो कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. त्या आजींनी आपणहून बाळाला पुढच्या भागात नेलं, दोन्ही दिवस संध्याकाळपर्यंत सांभाळलं, मला पेज आणून दिली. मी त्यांच्या जिवावर झोपले होते. हे खरं आहे, आणि हे मी आज तीन वर्षांनी पहिल्यांदा कुणाला सांगतेय. "आपण सगळे मिळून फिरलो" हीच गोष्ट मीही स्वतःला सांगत आले.

मामा, आता आठवतंय, त्या दिवशी बाहेर वाजंत्री वाजत होती. मी तापातच म्हणाले होते, "कुणाचं तरी लग्न दिसतंय."

माशेलकर_मामा
लग्नाहून मोठं होतं ते!

नाकासमोर, इथे शेजारच्या मावशीकडे मूल असणं याला 'हवाली करणं' म्हणत नाहीत.

नाकासमोर
मत मांडलं. पटत नसेल तर सोडा. पण विहिरीला कठडा होता का, एवढं जरूर विचारा.

अनुस्वार
या विषयावर थोडं वाचन आहे म्हणून लिहिते. लांबेल.

आपल्या अगदी सुरुवातीच्या वर्षांचं आपल्याला काही आठवत नाही. फ्रॉइडच्या काळापासून याला बालविस्मृती म्हणतात. बहुतेकांची पहिली आठवण तीन-साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते. पण याचा अर्थ अडीच वर्षांच्या मुलाला काही लक्षात राहतच नाही असा नव्हे. राहतं, पुढे हळूहळू पुसलं जातं. साडेपाचाव्या वर्षी अडीचचं काहीतरी शिल्लक असणं अजिबात अद्भुत नाही. त्यातून तुम्ही त्याला त्याच हवेत, त्याच वासात, त्याच आवाजात परत आणलंत. पुण्यात ती आठवण वर यायला काही निमित्तच नव्हतं.

मला जास्त रस आहे तो 'बांगडी' या शब्दात. न्यूझीलंडमध्ये सिमकॉक आणि हेन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांना एक जादूचं यंत्र दाखवलं. दांडा ओढून ते चालू करायचं, मोठं खेळणं आत टाकायचं, मूठ फिरवायची, तसंच छोटं खेळणं बाहेर. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा विचारलं. मुलांना यंत्र आठवत होतं, कसं चालवायचं ते करूनही दाखवत होती. पण बोलून सांगताना, घटनेच्या वेळी जे शब्द त्यांच्याकडे नव्हते ते एकाही मुलाने वापरले नाहीत, मधल्या काळात शिकले असूनही. म्हणजे आठवण त्या वेळच्या शब्दांतच गोठलेली.

तेव्हा तुमचं बाळ 'मुकुट' म्हणत नाही, 'झाड' म्हणतं, हे मला खरेपणाचं लक्षण वाटतं. आणि बांगडी ही त्याच्या अडीच वर्षांच्या शब्दकोशातली बांगडी आहे. ती वस्तू काहीही असेल, गोल नक्की होती.

एकच विनंती. त्याला सुचवणारे प्रश्न विचारू नका. "काकांनी लाल शर्ट घातला होता का?" असं दोनदा विचारलंत की तिसऱ्यांदा शर्ट लाल होतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी तर घरच्यांच्या तोंडून एक खोटी गोष्ट पेरून, लहानपणी दुकानांच्या गर्दीत हरवल्याची न घडलेली आठवण काही मोठ्या माणसांमध्ये तयार करून दाखवली होती. खुद्द जाँ पियाजेला आपण बाबागाडीत असताना पळवून न्यायचा प्रयत्न झाल्याचं स्वच्छ आठवायचं, दाईच्या तोंडावरच्या ओरखड्यांसकट. तो पंधरा वर्षांचा असताना त्या दाईचं पत्र आलं की सगळं मी रचलेलं होतं. बक्षीस मिळालेलं घड्याळही तिने परत केलं. बालमनाचा एवढा मोठा अभ्यासक, आणि पहिली आठवण दाईने पुरवलेली.

पाऊसवेडी
अरे देवा. उशीर झाला. गेले आठ दिवस मी हेच करतेय. काल विचारलं, "विहिरीत आणखी कोण होतं?" तर म्हणाला, "डायनासोर."

डॉ_खवचट
डायनासोरला नवा जावई म्हणून उडी मारायला लावली असणार.

गूढगर्भ
सगळं विज्ञानात कोंबायचा अट्टाहास का? गेलेले आजोबा मुलाला धरतात, हे तुम्हाला कुठल्या प्रयोगात बसवायचं? मुलांना पूर्वजन्मीचं दिसतं, पाच-सहा वर्षांपर्यंत तो पडदा पातळ असतो. आमच्या भाचीने सावंतवाडीच्या बाजारात एका दुकानाकडे बोट दाखवून "हे माझं" म्हटलं होतं.

टवळी
खेळण्यांचं दुकान होतं का?

गूढगर्भ
हो. पण तो मुद्दा नाही.

अनुस्वार
आजोबांबद्दल मी मुद्दामच काही लिहिलं नाही. तेवढं घरातल्या माणसांनी बघावं.

कांदोळीची_कार्टी
माझीही गोष्ट ऐका. लहानपणापासून मी सांगायचे की मी समुद्रात 'उभी इमारत' पाहिलीये, गंजलेली, आणि लाटा तिला मारतायत. आम्ही तेव्हा मुंबईत राहायचो, सगळे मला वेड्यात काढायचे. कॉलेजात असताना जुन्या बातम्या वाचताना लागला पत्ता: रिव्हर प्रिन्सेस! जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यालगत रुतलेलं खनिजवाहू जहाज. बारा वर्षं तिथेच सडत होतं. मी तीन वर्षांची असताना मावशीकडे आलो होतो तेव्हा बघितलेलं. आईला छायाचित्र दाखवलं तर म्हणते कशी, "हो की! हे होतंच की तिथे. पण तू इमारत म्हणायचीस, जहाज म्हणाली असतीस तर कळलं असतं."

म्हणजे पंधरा वर्षं मी खोटारडी ठरले ती एका शब्दापायी.

सांगेकर
माझी आई कुर्डीची. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी, तेच. साळावली धरणाच्या पाण्यात गाव गेलं, माणसं वाडे-वालकिणीला आणून बसवली. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं. भिंतींचे पाये, तुळशीवृंदावनं, सोमेश्वराचं देऊळ. जुने गावकरी जमतात, देवाचं करतात, पाऊस लागला की पुन्हा सगळं पाण्याखाली.

आई लहानपणापासून आम्हाला सांगायची, आमच्या घराला सात पायऱ्या होत्या, मी सातवीवर बसून शेंगदाणे खायची. मागे तिला घेऊन गेलो. घराची जागा सापडली. पायऱ्या तीन. आई बराच वेळ गप्प उभी राहिली आणि मग ठामपणे म्हणाली, "चार गाळात गेल्या." मी जमिनीला पाय आपटून दाखवला, खाली कातळ आहे. "तुला काय कळतंय," म्हणाली. घरी परत येईपर्यंत पायऱ्या सातच झाल्या होत्या. मी वाद घातला नाही. गाव तिचं आहे.

कट्ट्यावरचा_अण्णा
सांगेकर, वा. पायऱ्या सातच. धरणाचं बदकाच्या चोचीसारखं सांडव्याचं तोंड बघायला आम्ही गेलो होतो, पण कुर्डी राहिलं. रस्ता कसा आहे?

सांगेकर
मे महिन्यात छोटी गाडी जाते. पाणी घेऊन जा, सावली नाही.

फोंड्याची_माई
धागा सकाळपासून वाचतेय आणि हसतेय. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, न्यूझीलंडपर्यंत जाऊन आलात, आणि बांगडी तुम्हाला कुणालाच सापडली नाही?

पाऊसवेडी, तुम्हीच तर लिहिलंय की सकाळी भोंगा वाजला की तो बाल्कनीत पळतो. तो भोंगा कुणाचा हे बघायला एकदा तरी खाली गेलात का? तो आमचा पदेर, म्हणजे पाववाला. सायकलच्या मागे बांबूची टोपली, वर प्लास्टिकचा कागद, हँडलला रबरी भोंगा, पों पों. त्याच्याकडे काय काय असतं? उंडे, पोळी, कात्रे असे पावाचे प्रकार आणि काकणं!

काकण म्हणजे कडक भाजलेला, बांगडीसारखा गोल पाव. नावच बांगडी त्याचं. चहात बुडवून खायचा. दात येणाऱ्या पोरांना आमच्याकडे हातात तोच देतात, तासभर चोखत बसतात. त्या आजींनी तुमच्या लेकाला "घे काकण" म्हणून दिलं असणार. तुमच्या घरी काकणाला काय म्हणतात? बांगडी. मग पोरगा दुसरं काय म्हणेल? मुलाने बरोब्बर सांगितलं होतं, तुम्ही त्याच्यामागे बांगडा लावलात.

शिवोलेकार
माई!! आज सकाळी मी स्वतः काकण खाऊन कामावर आलोय आणि डोक्यात आलं नाही. लाज वाटली.

माशेलकर_मामा
माईंना साष्टांग. आम्ही विहिरीतच अडकलो.

टवळी
म्हणजे डॉक्टरांचा एक काना जादा होता.

डॉ_खवचट
मी निषेध नोंदवतो.

कट्ट्यावरचा_अण्णा
पायाने मळतात म्हणून 'पाव' आणि तो करणारा 'पदेर', बरोबर ना?

फोंड्याची_माई
नाही हो. पाव हा पोर्तुगीज शब्द, पदेरसुद्धा तिकडच्या 'पादेइरो'वरून. पायाची गोष्ट नुसती दंतकथा आहे. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालायचे, त्याला जो किंचित आंबट वास यायचा तो आता यीस्टला नाही. पण हा वेगळ्या धाग्याचा विषय.

पाऊसवेडी
दोन दिवस आले नाही, कारण सांगण्यासारखं बरंच झालं.

माईंचं वाचल्यावर जुन्या फोनमधून त्या आजींचा नंबर काढला. उचलतील असं वाटलं नव्हतं. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाल्या, "पुण्याची ना गे? ताप आयिल्लो ती?" मी काकणाचं विचारलं तर इतक्या हसल्या! म्हणे, "तुजो भुरगो काकण हातांत घालून भोंवतालो. काडूंक दी नासलो." दिवसभर हातात घालून फिरत होता आणि काढायला गेलं की रडायचा. संध्याकाळी मऊ पडलं तेव्हा हातातलंच खाल्लं. सां जुआंवही खरा. त्यांच्याच मागच्या विहिरीत वाड्यावरच्या पोरांनी उड्या मारल्या. (नाकासमोर, कठडा आहे, कमरेएवढा. मुद्दाम विचारलं.) मग त्या त्याला कडेवर घेऊन सांगोड बघायला गेल्या होत्या. आम्हाला तेव्हा सांगितलंही होतं म्हणाल्या. मला काही आठवत नाही, नवऱ्याला तर नाहीच. तिघांत विश्वासार्ह साक्षीदार एकच निघाला आणि आम्ही त्यालाच खोटं पाडत होतो.

मग मी आजोबांचं विचारलं. तिथे कुणी म्हातारे गृहस्थ होते का, ज्यांनी याला धरलं होतं? म्हणाल्या, "दादले सगळे बांयंत आशिल्ले गे!" पुरुष सगळे विहिरीत. आजींनीच याला धरलं होतं, दुसरं कुणी नव्हतं.

हे मी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुण्याला गॅलरीच्या कठड्याशी उभं करून बाबा त्याला असंच धरायचे, दोन्ही हात पोटावर. गणपतीची मिरवणूक दाखवताना." यापुढे आम्ही दोघांनीही विषय वाढवला नाही. गूढगर्भ, तुम्हाला जे समजायचं ते समजा, माझी हरकत नाही.

काल सकाळी भोंगा वाजल्याबरोबर दोघं खाली पळालो. चपलाही वेगवेगळ्या पायात. पदेर भला माणूस, टोपलीतली काकणांची पिशवीच पुढे केली. चिरंजीवांनी एक उचललं, वास घेतला, मनगटावर चढवायला गेले. अंगठ्याच्या हाडाशी अडलं. दुसरं घेतलं, तेही अडलं. मग माझ्या हातात परत ठेवून म्हणाले, "ही नाही. ती मोठी होती."

मी म्हटलं, अरे, तुझा हात मोठा झालाय. तर म्हणे, "नाही. बांगडी छोटी केली त्यांनी."

सांगेकर
वाद घालू नका. माझ्या आईला भेटवा त्याला, दोघांचं जमेल.

डॉ_खवचट
न्यूझीलंडचं ते यंत्र शिवोलीत आलं होतं वाटतं.

फोंड्याची_माई
पदेराला सांगून ठेवा, पुढच्या वेळी मोठी काढून ठेवेल. आणि ताई, कोरडी नका देऊ, चहात बुडवा.

पाऊसवेडी
बुडवली माई. अर्धी कपात पडली. ती चमच्याने काढून मी खाल्ली.